खिडकीसमोरचे धुरी

नंदकिशोर धुरी जिवंत असताना त्यांच्याकडे मान वर करून कोणी पाहिलं नव्हतं. त्यांची उंचीच बेताची होती. अंधेरीच्या एमआयडीसीत लिफ्टचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत ते स्टोअरकीपर होते आणि तिथेही लोक स्टोअरच्या खिडकीत वाकून त्यांच्याशी बोलत. आता मात्र दहिसरच्या त्या चौकातून जाणाऱ्या प्रत्येकाला मान वर करावी लागत होती. रस्त्याच्या कडेला बांबूंची परांची बांधून त्यांचा फ्लेक्स लावलेला होता. तो खालच्या दुकानांच्या पाट्यांवरून सुरू होऊन समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याच्याही वर गेला होता.

त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, बरोबर समोर, धुरींचंच घर होतं.

म्हणजे कुंदा सकाळी खिडकी उघडायची आणि समोर नवरा. हसरा. एकेक डोळा शिलाई मशीनएवढा. तीस वर्षांच्या संसारात ते तिच्याकडे इतका वेळ सलग बघत कधी बसले नव्हते.

फ्लेक्सवर सगळ्यात वर पक्षाचे दिल्लीतले नेते, खाली राज्यातले, त्याखाली विभागातले, असे उतरत्या आकारात होते. या उतरंडीत वॉर्डातले पुढारी चंद्रप्रकाशभाऊ बसत नव्हते. ते उजव्या कोपऱ्यात, हात जोडून, जवळजवळ धुरींएवढेच होते, कारण फ्लेक्स त्यांचा होता. अगदी खाली 'शोकाकुल' या शब्दापुढे कार्यकर्त्यांच्या छोट्या चेहऱ्यांच्या दोन रांगा होत्या. त्यातल्या काहींनी गॉगल घातले होते. मधोमध लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'त्यांनी अखेरच्या श्वासापर्यंत साखळी तुटू दिली नाही. हुतात्मा नंदकिशोरजी धुरी यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' नावापुढे 'जी' त्यांना पहिल्यांदाच लागला होता.

आणि धुरींच्या खांद्यावर चार बोटं होती.

फोटो कणकवलीच्या पुतण्याच्या लग्नातला. नवराबायको शेजारी उभे, कुंदाचा हात त्यांच्या खांद्यावर. भाऊंचा माणूस स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी "चांगला, हसरा फोटो द्या" म्हणून दारात आला, तेव्हा गंधालीने, म्हणजे मुलीने, मोबाईलमध्ये जो पहिला सापडला तो पाठवून दिला. डिझायनरने कुंदाला कापली. बोटं कापायची तर खांदाही कापावा लागला असता आणि बिनखांद्याचा हुतात्मा बरा दिसला नसता. म्हणून बोटं राहिली. एका बोटात कुंदाची अंगठी होती. तीही आता ताटाएवढी झाली होती.

कुंदाला जगाकडून एवढंच हवं होतं की तो फ्लेक्स निघावा. कारण विचारलं की ती सांगायची, "उजेड अडतो." ती साड्यांना फॉल-बिडिंग करून देते आणि घराला रस्त्याकडची खिडकी एकच. ते कारण खरंच होतं. दुसरं कारण फ्लेक्सवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं.

*

साखळीचं असं झालं होतं. दोन गल्ल्यांमध्ये एका मिरवणुकीवरून दगडफेक झाली. कोणी मेलं नाही, पण दोन्ही गल्ल्यांनी एकमेकांकडचं दूध घ्यायचं बंद केलं. मग शांतता समिती स्थापन झाली आणि रविवारी सकाळी शाळेच्या कोपऱ्यापासून नदीवरच्या पुलापर्यंत मानवी साखळी करायचं ठरलं. पांढरे कपडे घालून यावे. हातात हात धरून उभं राहावं. मंत्रीमहोदय येतील, ते साखळीत मध्यभागी उभे राहतील, शांततेची शपथ होईल, मग चहा.

लोक आले. दोन्ही गल्ल्यांतले आले. कुंदा-नंदकिशोर आले, कारण इमारतीच्या ग्रुपवर 'प्रत्येक घरातून दोन' असा निरोप होता आणि गंधाली म्हणाली होती, रविवारी मी झोपणार आहे.

मंत्रीमहोदय आले नाहीत. म्हणजे येणार होते, निघालेही होते. तोवर साखळी सोडायची नव्हती, कारण त्यांच्याशिवाय फोटो काय कामाचा? ऊन वर चढलं. ज्यांना गुलमोहराखाली जागा मिळाली होती ते शांततेबद्दल बोलत होते. बाकीचे मंत्र्यांबद्दल बोलत होते. कुंदाला पुलाच्या तोंडाशी, गुलमोहराखालची जागा मिळाली होती, शेजारी कोणीतरी लावून ठेवलेली स्कूटर होती आणि तिच्या सीटवर तिने पाण्याची बाटली ठेवली होती. नंदकिशोर तिच्या डाव्या हाताला, उन्हात.

रविवार होता. मालवणी घरात रविवारी मासे नसले तर तो रविवार धरत नाहीत. पुलापलीकडचा मासळी बाजार दुपारच्या आत उठतो.

"काय गो, जातस काय?" नंदकिशोर म्हणाले. घरात आणि बाहेर हळू आवाजात ते मालवणीत बोलायचे. "बाजार उठतलो."

"आणि हे? शपथ?"

"शपथ काय पळान जाता? तू जा. मी धरतंय तुझी जागा."

"तुम्हाला ऊन लागतंय."

"म्हणान तर तुझी धरतंय. सुरमय मेळाली तर हाड, नायतर बांगडे."

कुंदाने हात सोडला आणि पिशवी उघडत पुलावरून गेली. मुंबईत जन्म काढलेल्या माणसाला जागा धरणं शिकवावं लागत नाही. नळावर बादली ठेवून, रेशनच्या रांगेत चप्पल ठेवून, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून तो वाढलेला असतो. शांततेच्या साखळीत जागा धरायची नसते, तिथे सगळ्यांनी फक्त सरकायचं असतं, हे नंदकिशोरना सुचलं नाही. ते कुंदाच्या जागेवर सरकले. मागून माईकवर कोणीतरी ओरडत होतं, "गॅप भरा, साखळी तुटू देऊ नका." तळमजल्यावरचे किरण सर त्यांच्या शेजारी होते. ते म्हणाले, "धुरी, अजून जरा पुढे व्हा, पलीकडे गॅप पडलीय." तर हे म्हणाले, "नाही हो सर, ही जागा मिसेसची आहे. येईल इतक्यात."

हे किरण सरांनीच नंतर कुंदाला सांगितलं. त्यांचा एक कान गेला आहे आणि तेव्हापासून ते मोठ्याने बोलतात. सांत्वनाला आले तेव्हा हे वाक्य त्यांनी इतक्या मोठ्याने सांगितलं की जिन्यात चपला काढणारे लोक थांबले. पण त्यांना ते सांत्वनच वाटलं.

स्फोट स्कूटरच्या डिकीत झाला. पुलापलीकडे मासळी बाजारात आवाज आला तेव्हा शेवंती कोळीण सुरमईच्या तुकड्या करत होती. ती म्हणाली, "ट्रान्सफॉर्मर उडला वाटतं." कुंदा म्हणाली, "डोकं वेगळं बांध." डोकं वेगळं बांधून होईपर्यंत लोक पुलावरून पळत येऊ लागले होते.

मंत्रीमहोदय त्या वेळी बोरिवलीच्या फ्लायओव्हरखाली अडकले होते. उशिरामुळे ते वाचले. त्या आठवड्यात त्यांच्या दीर्घायुष्यासाठी दोन ठिकाणी होम झाला आणि 'देव तारी' असे बॅनर लागले. साखळीतले चार जण गेले, त्यांचे बॅनर त्याच्या नंतर लागले, कारण फ्लेक्सवाल्याकडे आधीची ऑर्डर होती.

*

कोणी केलं, याचं उत्तर पहिल्या दिवशी एक होतं, दुसऱ्या दिवशी दुसरं. तिसऱ्या दिवशी एका संघटनेने ईमेलने जबाबदारी घेतली. चौथ्या दिवशी दुसऱ्या संघटनेने तीच जबाबदारी घेतली. दोघांना पकडलं. त्यातल्या एकाला सोडलं आणि सोडल्याबद्दल मोर्चा निघाला. मग सोडल्याबद्दलच्या मोर्च्याबद्दल मोर्चा निघाला. चौकशी समिती नेमली. तिला मुदतवाढ मिळाली. कुंदा टीव्ही लावायची तेव्हा हे सगळं चालू असायचं. ती आवाज बंद करून साडीला फॉल लावत बसायची. टाके तिरके यायला लागले होते. एका गिऱ्हाइकाने साडी परत आणून दिली, पण समोर फ्लेक्स बघून ती तशीच पुन्हा घेऊन गेली.

फ्रीजरमध्ये सुरमई होती. त्या दिवशी पिशवी शेजारच्यांनी उचलून आत टाकली होती, डोकं वेगळं बांधलेलं. गंधालीने एकदा विचारलं, "आई, ती टाकू?"

"राहू दे."

"मग करूया?"

"राहू दे गं."

गंधाली अंधेरीला एका ऑफिसात आहे. ती सुट्टी संपल्यावर कामावर जाऊ लागली. जाताना ती चौकातून जायची नाही, मागच्या गल्लीने जायची. मागच्या गल्लीत निलेशदादांचा फ्लेक्स होता. त्यावर नंदकिशोर काळ्या-पांढऱ्या रंगात होते.

निलेशदादा आणि चंद्रप्रकाशभाऊ मागच्या वर्षापर्यंत एकाच फ्लेक्सवर असायचे. मग पक्ष फुटला. आता दोघांकडे वेगवेगळे नेते होते, पण फ्लेक्सवाला एकच होता.

चंद्रप्रकाशभाऊ घरी आले तेव्हा कुंदाने सरळ विषय काढला.

"भाऊ, तो फ्लेक्स काढा. उजेड अडतो."

"वहिनी, काय बोलताय? धुरीसाहेबांनी सगळ्या वॉर्डाला उजेड दिला."

"वॉर्डाला देऊ दे. मला सुई ओवता येत नाही."

भाऊ विचारात पडले. विचारात पडले की ते मोबाईल उलटा ठेवायचे. "थोडा बाजूला सरकवला तर?"

"बाजूला जोशींची खिडकी आहे."

"भोकं पाडा ना," गंधाली आतून म्हणाली. "वारा जायला पाडता ना फ्लेक्सला? तशी बाबांना पाडा. उजेड येईल."

भाऊंनी यावरही प्रामाणिकपणे विचार केला. "नाही ताई. कपाळाला भोक बरं दिसणार नाही. लोक म्हणतील, स्फोटातलंच आहे."

मग त्यांनी चहा घेतला आणि खरं काम काढलं. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला होता. पक्षाची इच्छा होती की कुंदावहिनींनी उभं राहावं.

"मी?"

"तुम्हाला काही करावं लागणार नाही. फक्त उभं राहायचं."

"उभी राहिले तर फ्लेक्स काढाल?"

"उभ्या राहिलात तर बाजूला तुमचा लागेल," भाऊ म्हणाले. त्यांना वाटलं, आपण आनंदाची बातमी सांगतोय. "दोघं शेजारी शेजारी. जोडीने."

कुंदाने खिडकीकडे बघितलं. खांद्यावरची चार बोटं बघितली. "आम्ही जोडीनेच होतो त्यात," ती म्हणाली. "तुम्ही मला कापलंत."

भाऊ हसले. त्यांना ती गंमत वाटली.

*

कुंदा महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातही जाऊन आली. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, धुरींबद्दल दोन शब्द बोलले.

"ताई, तो फ्लेक्स अनधिकृत आहे," साहेब म्हणाले.

"मग काढा."

"अनधिकृत आहे म्हणून तर काढता येत नाही. अधिकृत असता तर मुदत असती, मुदत संपली की आमची गाडी गेली असती. याला मुदतच नाही. आणि श्रद्धांजलीचा आहे. उद्या काढला तर परवा माझा फोटो फ्लेक्सवर."

"तुमचा कशाला?"

"निषेधाचा," साहेब म्हणाले. "त्यांच्याकडे दोन्ही प्रकारचे असतात."

निलेशदादांनी कुठूनतरी ऐकलं की वहिनी फ्लेक्सवर नाराज आहेत. ते दुसऱ्याच दिवशी पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. श्रद्धांजलीच्या घरी पेढे नेत नाहीत हे जिन्यात त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण बॉक्स त्यांनी सगळा वेळ पाठीमागे धरला होता.

"आज काढतो," ते म्हणाले. "संध्याकाळच्या आत. फक्त शब्द द्या."

"काढाल आणि?"

"आणि आमचा लावू. तो जरा बुटका आहे, तुमची वरची अर्धी खिडकी मोकळी राहील. आणि हे बघा, आम्ही ते हाताचं काढून टाकलंय. त्यांच्याकडे घाईघाईत केलंय सगळं." त्यांनी मोबाईल पुढे केला.

फोटोत नंदकिशोरच्या खांद्यावर काहीही नव्हतं. खांदा गुळगुळीत होता. त्यावर कधी कोणी हात ठेवला असेल असं वाटत नव्हतं.

"हा खांदा यांचा नाही," कुंदा म्हणाली.

"नाही, तो आमच्या सौरभचा आहे," निलेशदादा म्हणाले. "पण बसतोय ना?"

कुंदाने मोबाईल परत दिला. "नको."

"काय नको? काढायला नको की लावायला नको?"

कुंदाने साडी पुढे ओढली आणि सुई उचलली. दादांनी ते 'विचार करून सांगते' असं समजून घेतलं आणि पेढे तसेच परत नेले.

*

मग मंगल कार्यालयात शांतता संकल्प सभा झाली. मागे आदल्या दिवशीच्या लग्नाचा पडदा तसाच होता, 'चि. सौ. कां.' एवढी अक्षरं फुलांच्या हाराआडून दिसत होती. मंत्रीमहोदय या वेळी आले. उशिरा आले. पण या वेळी सगळ्यांनी त्यांच्या उशिराकडे आदराने बघितलं.

कुंदाने बोलायचं कबूल केलं तेव्हा भाऊंना आनंद झाला. त्यांनी तिला एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या होत्या. शेवटची ओळ होती, 'त्यांची साखळी मी पुढे नेणार आहे.' तिने हिशोब केला होता की आपण खरं सांगितलं की लाल अक्षरं खोटी ठरतील, खोट्या अक्षरांचा फ्लेक्स भाऊ ठेवणार नाहीत. एवढा साधा हिशोब होता. गंधाली पहिल्या रांगेत बसली होती.

कुंदा माईकसमोर उभी राहिली. माईक मंत्र्यांच्या उंचीवर होता. कोणीतरी येऊन तो खाली केला.

"यांनी साखळी धरून ठेवली नव्हती," ती म्हणाली. "म्हणजे धरली होती, पण तुम्ही लिहिलंय तसं नाही. मी मासे आणायला गेले होते. मंत्रीसाहेबांना यायला उशीर होत होता आणि बाजार उठला असता. माझी जागा सावलीत होती. हे उन्हात होते. मला म्हणाले, तू जा, मी धरतो तुझी जागा. ते माझ्या जागेवर उभे होते. स्कूटर माझ्या जागेशेजारी होती. तिच्यावर मी पाण्याची बाटली ठेवली होती. पुढे सरका म्हटलं तर सरकले नाहीत. एवढंच. ते सुरमई आण म्हणाले होते, ती मिळाली होती. तर ते लाल अक्षरांतलं काढा. आणि तो फ्लेक्स काढा."

मग मागून एक जण टाळ्या वाजवू लागला आणि सगळ्यांनी वाजवल्या. मंत्रीमहोदयांनी डोळे पुसले. ते बोलायला उठले तेव्हा म्हणाले, "वहिनींनी किती साधेपणाने सांगितलं."

घरी येऊन गंधालीने दिवा लावला, कारण उजेड अडत होता.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं होतं?"

"हेच. तुझ्या जागेचं."

"सांगून काय झालं असतं? तू म्हणाली असतीस, तुझी चूक नाही."

"नाहीच आहे."

"बघ. म्हणालीस."

गंधाली खिडकीशी गेली. तिने बाबांकडे बघितलं. मग म्हणाली, "प्रत्येक घरातून दोन होते ना? मी झोपले होते."

कुंदाने सुई खाली ठेवली. तिला काहीतरी म्हणायचं होतं आणि तिच्या लक्षात आलं की जे म्हणायचंय ते वाक्य आत्ताच वापरून झालंय. ती उठली आणि कुकर लावला.

*

दुसऱ्या दिवसापासून शहरात माशांवर चर्चा सुरू झाली. एका चॅनेलवर प्रश्न होता: 'शांतता साखळीच्या दिवशी मासे?' एका टॉवरच्या रहिवाशांनी पत्रक काढलं की आमचा कोणाच्या खाण्याला विरोध नाही, पण प्रसंगाचं पावित्र्य पाहावं. यावर निलेशदादांनी तासाभरात फ्लेक्स लावला, 'मासळी हा मराठी माणसाचा जन्मसिद्ध हक्क', वर एक सुरमई, कोपऱ्यात दादा. सुरमईखाली बारीक अक्षरांत धुरींना श्रद्धांजली होती. टॉवरवाल्यांनी दुसरं पत्रक काढलं. दोन गल्ल्यांमधलं भांडण या गडबडीत मिटलं, कारण दोन्ही गल्ल्या मासे खाणाऱ्या होत्या. त्यांनी एकमेकांकडचं दूध पुन्हा घ्यायला सुरुवात केली. शांतता समितीने याची नोंद घेतली. स्फोट कोणी केला हा प्रश्न त्या आठवड्यात कोणी विचारला नाही. चौकशी समितीला पुन्हा मुदतवाढ मिळाली.

आणि चंद्रप्रकाशभाऊंनी कुंदाचं ऐकलं. लाल अक्षरांतलं वाक्य काढलं.

सकाळी कुंदाने खिडकी उघडली तर परांचीवर दोघं जण चढून नवीन पट्टी चिकटवत होते. नंदकिशोर तेच होते, बोटं तीच होती. पट्टीवर लिहिलं होतं: 'त्यांनी वहिनींची जागा धरली. चला, आपण त्यांची जागा धरूया!' खाली भाऊंच्या शेजारी एक बाई हात जोडून उभी होती. त्या भाऊंच्या मिसेस, श्वेतावहिनी. वॉर्ड महिलांसाठी राखीव होता आणि कुंदाने कळवलं नव्हतं.

पट्टी जुन्या वाक्यावर चिकटवायची म्हणून मोठी केली होती. आता खिडकीचा खालचा कोपराही गेला.

कुंदाने किरण सरांना जिन्यात विचारलं, "सर, हे काय झालं हो?"

किरण सर मोठ्याने म्हणाले, "पटलं त्यांना!"

*

फ्लेक्स शेवटी निघाला तो निवडणुका जाहीर झाल्या म्हणून. आचारसंहिता लागली. दुपारी गाडी आली, माणसं परांचीवर चढली आणि सुतळ्या कापू लागली. या वेळी कोणी विरोध केला नाही. भाऊंचा माणूस खाली उभा राहून फक्त बांबू मोजून घेत होता. आधी दिल्लीतले नेते खाली आले, मग त्यांच्या पाठोपाठ नंदकिशोरचं कपाळ. एक बाजू आधी सुटल्यामुळे थोडा वेळ ते तिरके लोंबत राहिले. मग त्यांची गुंडाळी झाली.

कुंदा खिडकीत उभी राहून हे बघत होती. समोर आता गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसत होत्या, त्यामागे गुलमोहराचं टोक. अर्धं जळलेलं, अर्ध्याला पालवी. उजेड आला. तिने सुई ओवली. पहिल्या प्रयत्नात ओवली गेली. तिला वाटलं होतं, काहीतरी होईल. काही झालं नाही. संध्याकाळी गंधाली चौकातून घरी आली.

"काढला गं," ती म्हणाली.

"हो."

"बरं वाटतंय?"

"उजेड आलाय."

गंधालीने फ्रीजर उघडला. पिशवी बाहेर काढली, बर्फाचा गोळा झाला होता. तिने आईकडे बघितलं. कुंदाने मान हलवली. गंधाली पिशवी घेऊन खाली गेली, आणि वर आल्यावर बराच वेळ हात धूत राहिली.

त्यानंतरच्या रविवारी कुंदा मासळी बाजारात गेली. पुलावरून गेली. कठडा नवीन बांधला होता, त्याचा रंग बाकीच्या कठड्याशी जुळत नव्हता.

शेवंतीच्या जागेवर बायकांची गर्दी होती. शेवंतीने डोक्यावर नवं छप्पर केलं होतं, चार बांबूंवर ताणून बांधलेलं. पांढरी बाजू आकाशाकडे, छापलेली बाजू खाली. कुंदाने वर बघितलं. सगळ्या बायकांच्या डोक्यावर नंदकिशोर होते. हसरे. एका कानातून सुतळी गेली होती. दिल्लीतले नेते कापून टाकलेले, भाऊंचे जोडलेले हात बर्फाच्या पेटीवर अर्धे लोंबत होते. खांदा मात्र पुरा होता आणि खांद्यावरची बोटंही.

शेवंतीने तिला बघितलं आणि तिचा कोयता थांबला.

"कुंदाबाय," ती म्हणाली. मग वर बघितलं. "गाडीवाल्याने टाकून दिलेला बाय. ऊन फार लागतं इथं. माल खराब होतो. मी म्हटलं, धुरीसाहेबांचाच आहे..." ती उठू लागली. "काढते. आत्ता काढते."

कुंदा वर बघत होती. खाली सगळ्या टोपल्यांवर सावली होती. पापलेटं, बांगडे, बायकांचे हात, पिशव्या, सगळं सावलीत. अंगठीच्या बरोबर खाली एक जागा मोकळी होती आणि ती तिथेच उभी होती.

"राहू दे," ती म्हणाली. "सुरमई आहे?"

"नाय गं. बांगडे ताजे आहेत."

"बांगडे दे मग."

तेवढ्यात मागच्या बाईने तिच्या दंडाला हात लावला. नव्या टॉवरमधली असावी, ओळखीची नव्हती. "ताई, जरा माझी जागा धरता? कोथिंबीर घेऊन आलेच मी."

कुंदाने तिच्याकडे बघितलं. ती बाई उन्हात उभी होती, सावलीच्या बाहेर. निघायच्या बेतातच होती.

"नको," कुंदा म्हणाली. "तू ये इकडे. आधी तू घे." आणि तिने तिचा हात धरून तिला आत सावलीत ओढलं. दोघींना पुरेशी जागा होती. हात तिने जरा वेळ सोडला नाही. ती बाई गोंधळून बघत राहिली. शेवंतीने बांगडे साफ करायला घेतले.